मार्नरचे पैसे पाच जणांत वाटले. आता पास कोण देणार?

पगारपत्रक, ब्रॅम्प्टन (जुलै २०२५)

मंडळी, मी पेरोलवाला माणूस. दर पंधरवड्याला साडेचारशे लोकांचे पगार माझ्या हाताखालून जातात. त्यामुळे आपल्या आइस हॉकी संघाची, टोरांटो मेपल लीफ्सची, बातमी वाचताना डोळा आधी आकड्यावर जातो, खेळाडूवर नंतर. घरी याला विकृती म्हणतात. असो.

यंदाच्या उन्हाळ्याचा ताळेबंद मांडतो. आकडे अमेरिकन डॉलरचे आणि एका वर्षाचे.

मिच मार्नर गेल्या मोसमापर्यंत कॅपवर (संघाच्या एकूण पगाराची लीगने घातलेली मर्यादा) साधारण १ कोटी ९ लाख खात होता, जॉन तवारेस १ कोटी १० लाख. दोघांचेही करार जूनअखेर संपत होते. सुटले २ कोटी १९ लाख. आता ते गेले कुठे ते बघा. तवारेस परत आला, चार वर्षांसाठी, ४३ लाख ८० हजारांवर. मॅथ्यू नाइसशी सहा वर्षांचा करार, ७७ लाख ५० हजार. मार्नरच्या बदल्यात वेगासने दिलेला निकोला रॉय, ३० लाख. युटाकडून आणलेला मॅटियास माचेली, ३४ लाख २५ हजार. आणि आता व्हँकुव्हरकडून डकोटा जोशुआ, ३२ लाख ५० हजार. करा बेरीज. २ कोटी १८ लाख! माझ्या ऑफिसात महिनाअखेरही इतकी जुळत नाही.

कॅप ८ कोटी ८० लाखांवरून ९ कोटी ५५ लाखांवर गेली खरी, पण ती वाढ गोलकीपर जोसेफ वोलचा यंदापासून लागू होणारा नवा करार, मार्चमध्ये आलेले ब्रँडन कार्लो आणि स्कॉट लॉटन, अशांत केव्हाच विरघळली. निक रॉबर्टसन या आपल्या फॉरवर्डचा पगार लवादाकडे जाऊन पडलाय. थोडक्यात तिजोरीत खडखडाट नाही, पण मोठी उडी मारण्याइतकं काही उरलेलं नाही.

आता माझं मत, आणि त्यावर तुमच्या शिव्या खायला मी तयार आहे: जनरल मॅनेजर ब्रॅड ट्रेलिव्हिंगने हे बरोबर केलं आणि आता त्याने हात आवरावा.

मे महिन्यातले प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, आठवा. फ्लॉरिडाविरुद्ध सातपैकी चार जिंकायच्या मालिकेत पहिले दोन सामने जिंकलो होतो. मग पाचवा सामना घरच्या बर्फावर १-६, आणि सातवा पुन्हा घरच्याच बर्फावर १-६. चार दिवसांत दोनदा तोच स्कोअर. लोकांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर फेकल्या. पण त्या मालिकेत आपल्याला मारलं कोणी? बार्कोव्ह, त्काचुक ही नावं सगळे घेतात. मी म्हणतो, आपला जीव त्यांच्या तिसऱ्या लाइनने (आळीपाळीने उतरणारी तीन फॉरवर्डची तुकडी) घेतला. मार्शांड, लुंडेल, लुओस्टारिनेन. आपल्या तिसऱ्या-चौथ्या लाइनची पोरं बर्फावर उतरली की पक (रबरी चकती) आपल्याच झोनमध्ये मुक्कामाला. तिसऱ्या सामन्यात ओव्हरटाइमचा गोलही मार्शांडचाच.

म्हणून मला रॉय आणि जोशुआ पटतात. एक सहा फूट चार इंच, दुसरा सहा फूट तीन. दोघेही कोपऱ्यात जाऊन अंग टाकणारे. आपला कोच क्रेग बेरूबे, त्याला असलीच माणसं आवडतात.

प्रश्न असा आहे. गेल्या मोसमात मार्नरचे १०२ गुण होते (गोल आणि असिस्ट मिळून), त्यात ७५ असिस्ट. ते ७५ पास कुठून येणार? दुसऱ्या फोरमवर रोज नवा ट्रेड (अदलाबदल) शिजतोय: याला आणा, त्याला उचला, बदल्यात आपला उमेदवार पोरगा ईस्टन काउन द्या. अहो, २०२६च्या ड्राफ्टचा पहिल्या फेरीचा पिक (नव्या पोरांतून एक निवडायचा हक्क) कार्लोसाठी बॉस्टनला गेला, २०२७चा लॉटनसाठी फिलाडेल्फियाला. यंदाचा तर मॅकेबच्या ट्रेडमध्ये दोन वर्षांपूर्वीच शिकागोला गेला होता. हातात नाणं म्हणून एकटा काउन उरलाय. तो मोडायचा का? पहिल्या लाइनचा आपला सेंटर मॅथ्यूज, त्याच्या उजव्या बाजूला तुम्ही कोणाला खेळवाल? मनापासून सांगा, फक्त "मॅकडेव्हिडला आणा" म्हणू नका.

नाना_स्कारबरो

तुमचा हिशेब सुबक आहे. तेवढंच.

मी डग गिलमोर बघितलाय. १९९३ साली ग्रेट्झकीची स्टिक त्याच्या हनुवटीवर बसली, रक्त आलं, रेफरीने शिट्टी वाजवली नाही, आणि ग्रेट्झकीने थोड्याच वेळात ओव्हरटाइममध्ये गोल केला. अजून झोपेत आठवतं. मग सुंडीन बघितला. मग हे चौघे आले: मॅथ्यूज, मार्नर, नायलँडर, तवारेस. नऊ वर्षांत दोन मालिका जिंकल्या. २०२३ला टॅम्पा, यंदा ऑटवा. बस.

ही चौकडी २०२१मध्येच मोडायला हवी होती. माँट्रियालविरुद्ध ३-१ आघाडी, आणि तिथून हरलो! तेव्हा मार्नर विकला असता तर समोरचा संघ रांगेत उभा राहून डिफेन्समन देत होता, ड्राफ्ट पिक देत होता. आज एक तिसऱ्या लाइनचा सेंटर मिळाला आणि तुम्ही म्हणता बरोबर केलं.

आणि एक लिहून ठेवा. इथून गेलेला माणूस स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलतो. केसल पिट्सबर्गला गेला, दोन उचलले. बोझॅक सेंट लुईसला गेला, २०१९. काद्री कोलोराडोला गेला, २०२२. आपण १९६७च्या शेवटच्या कपपासून वर्षं मोजतोय.

खडकीकर

नमस्कार, मी पुण्यातून वाचतोय. आधी हॉकी म्हटल्यावर धनराज पिल्लेंची वाटली, आमच्या खडकीचाच माणूस, म्हणून धागा उघडला. बर्फ दिसल्यावर बंद करणार होतो, पण वाचत गेलो.

एक बाळबोध प्रश्न. मार्नरचा करार संपला होता ना? मग तो मोकळाच झाला. मोकळ्या माणसाच्या बदल्यात वेगासने रॉयला का दिला? आयपीएलमध्ये सोडलेला खेळाडू थेट लिलावात जातो, जुन्या संघाला कोणी काही देत नाही.

पगारपत्रक, ब्रॅम्प्टन

खडकीकर, बाळबोध कसला, इथल्या निम्म्या लोकांना हे कळलेलं नाही.

लिलाव नाही इथे. करार संपला की १ जुलैला खेळाडू मोकळा होतो, हवा त्या संघाशी बोलतो. पण नवा संघ त्याला जास्तीत जास्त सात वर्षं देऊ शकतो, स्वतःचा जुना संघ आठ देऊ शकतो. मार्नरला आठ हवी होती. म्हणून ३० जूनला टोरांटोनेच त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला, वर्षाला १ कोटी २० लाख, आणि शाई वाळायच्या आत तो करार वेगासला पाठवून दिला. बदल्यात रॉय. त्याला आठवं वर्ष मिळालं, आपल्याला शून्याऐवजी एक माणूस मिळाला.

नाना, तुमचं २०२१चं म्हणणं मान्य. पण त्यानंतर त्याच्या करारात नो-मूव्ह कलम लागू झालं, त्याच्या सहीशिवाय त्याला हलवता येत नव्हतं. मार्चमध्ये कॅरोलायनाच्या मिको रँटानेनशी अदलाबदलीची बोलणी झाली आणि मार्नरने नाही म्हटलं, हे सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. रँटानेन डॅलसला गेला आणि कोलोराडोविरुद्ध सातव्या सामन्यात हॅटट्रिक करून बसला. त्या दिवशी मी टीव्ही बंद करून भांडी घासली.

बर्फ_वितळला

साधं आहे. टॅक्समुळे गेला. नेव्हाडात टॅक्स नाही. फ्लॉरिडात नाही, टेक्ससमध्ये नाही, टेनेसीत नाही. कॅनडातल्या संघांना कप मिळणारच नाही. विषय संपला.

पगारपत्रक, ब्रॅम्प्टन

विषय संपत नाही, माझ्या पोटापाण्याचा विषय आहे हा.

ओंटारियोत वरच्या उत्पन्नावर ५३.५३ टक्के. नेव्हाडात राज्याचा प्राप्तिकर शून्य, केंद्राचा वरचा दर ३७ टक्के. फरक मोठा आहे, नाही कोण म्हणतं? पण हॉकीपटूचा पगार घर कुठे आहे एवढ्यावरच कापला जात नाही. जिथे कामाचे दिवस भरले तिथला हिस्सा तिथे. लॉस एंजेलिसला खेळायला गेला की कॅलिफोर्निया आपला वाटा मागतं, मग तो वेगासचा असो की टोरांटोचा. वेगासच्या खेळाडूच्या पगारावर सगळीकडे शून्य लागतो ही समजूत काढून टाका.

दुसरं म्हणजे सायनिंग बोनस. मोठ्या खेळाडूंच्या करारात पगार नावाला असतो आणि बाकी सगळं १ जुलैला एकरकमी बोनस. यामागे तवारेसची गोष्ट आहे, ती फार गमतीची. २०१८मध्ये तो न्यूयॉर्कच्या आयलँडर्सकडून इकडे आला तेव्हा त्याला १ कोटी ५२ लाख ५० हजारांचा बोनस मिळाला. त्याचं म्हणणं, मी तेव्हा अमेरिकेचा रहिवासी, दोन देशांमधल्या कर-कराराप्रमाणे अशा बोनसवर १५ टक्के. आपलं महसूल खातं म्हणतं, नाव काहीही द्या, हा पगारच आहे, पूर्ण दराने भरा. प्रकरण टॅक्स कोर्टात आहे. तो हरला तर यापुढे अमेरिकेतून टोरांटोला येणारा प्रत्येक खेळाडू आधी सीएला फोन करेल, मग कोचला. माझ्या मते मार्नर-ट्रेडपेक्षा या निकालाचा आपल्या संघावर जास्त परिणाम होईल, आणि त्यावर कोणी एक ओळ लिहीत नाही.

आता गंमत अशी की ज्याच्यामागे हे लचांड लागलंय तो तवारेस ४३ लाखांवर राहिला. गेल्या मोसमात ३८ गोल मारलेला माणूस. मॅथ्यूजने १ कोटी साडेबत्तीस लाखांवर २०२८पर्यंत इथेच सही केली, नायलँडरने १ कोटी १५ लाखांवर आठ वर्षं. तेही हाच टॅक्स भरतात. मार्नर टॅक्ससाठी गेला असता तर करार संपायची वाट न बघता आधीच गेला असता.

रेडरॉक_रहिवासी, हेंडरसन

वेगासवरून सप्रेम नमस्कार. (नाना, दगड खाली ठेवा.)

रॉयबद्दल ऐका, कारण आम्ही त्याला रोज बघितलंय. गेल्या मोसमात ७० सामने, ३१ गुण. २०२३च्या कपमध्ये होता. उजव्या हाताचा सेंटर, नेटसमोर उभा राहून मार खातो. पण वेगवान नाही, आणि पॉवर प्लेवर (समोरचा एक माणूस शिक्षेने बाहेर असताना) पक घेऊन झोनमध्ये शिरायचं काम त्याला सांगू नका. तुमच्या तिसऱ्या लाइनला सोनं आहे. त्याला दुसऱ्या लाइनवर चढवलंत तर डिसेंबरात तुम्हीच त्याला शिव्या द्याल.

आमचंही सगळं फुकट झालेलं नाही. मार्नरला जागा करायला निकोलस हेगला नॅशव्हिलला पाठवलं. अ‍ॅलेक्स पिएट्रांजेलो कंबरेच्या दुखण्याने बाजूला झाला. निळ्या रेषेवर, म्हणजे बचावात, दोन माणसं कमी. ऑफिसातले लोक नाचतायत, मला काळजी वाटते.

नाना, आमचा संघ २०१७ साली जन्मला आणि सहाव्या मोसमात कप. सांगितलं आपलं.

नाना_स्कारबरो

दगड परत उचलला आहे.

रिंकआई, मिसिसागा

पहाटे साडेपाचला लेकीला सरावाला सोडून रिंकच्या कँटीनमध्ये बसून हे लिहितेय, कॉफी भयंकर आहे, त्यामुळे सूर तिखट लागला तर समजून घ्या.

पगारपत्रक, तुम्ही ७५ पास मोजलेत. पेनल्टी किल मोजला नाहीत. मार्नर आपल्याकडे एक माणूस कमी असतानाही बर्फावर असायचा, समोरच्याच्या स्टिकवरून पक चोरायचा. शेवटच्या दोन मिनिटांत आघाडी सांभाळायची असली तरी तोच. शंभर गुण करणारा विंगर ही कामं करतो असं लीगमध्ये फार दिसत नाही. माझ्या लेकीच्या संघात मी बेंचचं दार उघडायला उभी असते, तेव्हा कळतं की कोणाला कधी पाठवायचं ही अर्धी लढाई. बेरूबेकडे असा एक माणूस होता ज्याला कधीही पाठवता यायचं. आता त्या मिनिटांचे तुकडे करून लॉटन, रॉय, जोशुआ यांच्यात वाटावे लागतील. जोशुआबद्दल एक बोलते, गेल्या उन्हाळ्यात त्याचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. त्याचे १४ गुण बघून नाकं मुरडणाऱ्यांनी त्याआधीच्या मोसमातले १८ गोलही बघावेत.

माचेलीचं मात्र मला कळत नाही. आधीच्या मोसमात अ‍ॅरिझोनाकडून ५७ गुण, मग युटात ५५ सामन्यांत १८, आणि बऱ्याच सामन्यांत चक्क बाहेर बसवलेला. पास सुंदर देतो. पण अंगाने किरकोळ. बेरूबेच्या हाताखाली? तुम्हीच वर लिहिलंत की त्याला अंग टाकणारी माणसं आवडतात. मग ३४ लाख कशाला? २०२७चा तिसऱ्या फेरीचा पिक दिला म्हणून स्वस्त वाटतंय, पण कॅपवरची जागा गेली ना.

आणि तुमची २ कोटी १८ लाखांची बेरीज कागदावर छान दिसते, पण त्यातले ७७ लाख नाइसचे आहेत. नाइस आधीपासून आपलाच होता, ९ लाखांवर २९ गोल करत होता. तो नवा माणूस नाही. तवारेसही नवा नाही. म्हणजे खरोखर नवं आलं ते रॉय, माचेली आणि जोशुआ. तिघांचे मिळून गेल्या मोसमात ६३ गुण. मार्नरचे १०२. हा हिशेब मांडा ना.

जाता जाता: टोरांटोच्या महिला संघातून, सेप्टर्समधून, सारा नर्स व्हँकुव्हरला गेली. महिलांच्या लीगमध्ये दोन नवे संघ आले आणि जुन्या संघांना आधी फक्त तीनच खेळाडू राखता आले. आमच्या घरात खरा सुतकी चेहरा त्या बातमीने आहे. मार्नरवर बारा धागे, नर्सवर एकही नाही. निघाला तर मी लिहीन.

पगारपत्रक, ब्रॅम्प्टन

रिंकआई, नर्सचा धागा काढाच, पहिला प्रतिसाद माझा.

नाइसबद्दल असहमत. त्याचे ७७ लाख मार्नरच्याच खिशातून आलेत. मार्नर १ कोटी २० लाखांवर राहिला असता आणि नाइसला दुसऱ्या संघाने ऑफर शीट (तरुण खेळाडूला बाहेरून आलेला करार, जुना संघ तेवढेच पैसे देऊन त्याला राखू शकतो) दिली असती, तर आपण ती जुळवू शकलो असतो का? बावीस वर्षांचा, पुढे घुसणारा, प्लेऑफमध्ये न घाबरणारा पोरगा गमावला असता. काद्रीवर नाना रडतात. मी झॅक हायमनवर रडतो. २०२१मध्ये एडमंटनने त्याला ५५ लाख दिले, आपल्याकडे जागा नव्हती. २०२३-२४मध्ये त्याने ५४ गोल मारले. वरच्या चौघांना पैसे देता देता पाचवा माणूस कायम निसटला, ही आपली जुनी खोड. ती या उन्हाळ्यात पहिल्यांदा मोडली. गुणांची बेरीज कमी भरते, मान्य. पण १०२ गुण मोसमात भरतात. प्लेऑफच्या सातव्या सामन्यात काय भरतं ते २०१८पासून बघतोय: बॉस्टन, बॉस्टन, माँट्रियाल, टॅम्पा, पुन्हा बॉस्टन, फ्लॉरिडा. सहा सातवे सामने, सहाही हरलो.

पेनल्टी किलचा मुद्दा मात्र पक्का, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

माझी मांडणी अशी. नाइस, मॅथ्यूज आणि उजवीकडे पहिले वीस सामने मॅक्स डोमी. हो, डोमी. डोकं फिरलेलं असतं त्याचं, पण पास देतो. तवारेसबरोबर नायलँडर आणि माचेली, म्हणजे माचेलीला फार मार खावा लागणार नाही, पक बहुतेक वेळ नायलँडरकडेच असेल. तिसरी लाइन जोशुआ, रॉय, मॅकमन. चौथीवर लॉरेंट्झ आणि लॉटन, सोबत यार्नक्रोक किंवा रॉबर्टसन, जो तंदुरुस्त असेल तो. कांपचे २४ लाख कोणी उचलत असेल तर फुकट द्या. काउनला घाई नको. लंडन नाइट्सबरोबर मेमोरियल कप जिंकला, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच, पण ती पोरांची लीग. त्याला मार्लीजकडे, म्हणजे आपल्या दुय्यम संघाकडे, पाठवा, डोमी फसला की वर आणा. आणि मार्चपर्यंत थांबा. मार्चमध्ये कुठला तरी हरलेला संघ त्याचा विंगर स्वस्तात काढतोच.

बर्फ_वितळला

मॅथ्यूजच्या उजवीकडे डोमी?? धागा उडवा.

रेडरॉक_रहिवासी, हेंडरसन

डोमी! आम्ही आजच परेडचा मार्ग ठरवतो.

रिंकआई, मिसिसागा

डोमीला हसू नका. मॅथ्यूजला पास देणारा माणूस लागतो, नाहीतर ६९ गोलांचा मॅथ्यूज ३३वर येतो. दुखापत होती हे माहीत आहे, तरी. पण वीस सामने फार झाले, मी दहा देईन. मग नायलँडर वर आणि काउन तवारेसजवळ. पोराला अनुभवी सेंटरशेजारी शिकू द्या, मार्लीजमध्ये काय शिकणार तो, बसमध्ये झोपायला?

खडकीकर

मला आता निम्मं कळतंय. मॅच कधी असते, आणि इकडे किती वाजता दिसते?

पगारपत्रक, ब्रॅम्प्टन

पहिला सामना ८ ऑक्टोबरला, माँट्रियालविरुद्ध, इथेच टोरांटोत. इकडे संध्याकाळी सात म्हणजे तुमच्याकडे पहाटे साडेचार. माझ्या शेजारच्या ढिल्लनकाकांकडे या, ते पंजाबी कॉमेंट्री लावतात आणि गोल झाला की सगळी गल्ली उठते. मराठी कॉमेंट्री अजून नाही. नानांना माइक दिला तर १९९३च्या पुढे सरकणार नाहीत.

नाना_स्कारबरो

१९९३चा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्या रेफरीचं नाव केरी फ्रेझर. आणि तुमचा डोमी, त्याचा बाप टाय डोमी आम्ही बघितलाय, तो पास देत नसे, ठोसे देत असे. पोराला दहा सामने द्या. अकराव्याला मी बोलतो.